हाँगकाँगच्या बंदराचे रात्रीचे फोटो : ट्रायपॉड न्यावा की नाही?

पाटपाणी | ३ डिसेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. १६ तारखेला हाँगकाँगला चाललोय, तीन रात्री. सोबत बायको, नऊ वर्षांची लेक आणि आई (वय ७१, गुडघे कुरकुरतात, पण उत्साह आम्हा तिघांपेक्षा जास्त). लेकीसाठी डिस्नेलँड, आईसाठी मोठा बुद्ध, बायकोसाठी बाजार असं ठरलंय. माझ्या वाट्याला संध्याकाळचं व्हिक्टोरिया हार्बर आलंय. पलीकडच्या इमारतींचे दिवे पाण्यात उतरलेत असा एक तरी फोटो स्वतःच्या हाताने काढायचा आहे. भिंतीवर लावण्याजोगा.

सामान : सहा वर्षं जुना मिररलेस कॅमेरा, त्याच्यासोबत आलेली १८-५५ लेन्स आणि एक ३५ मिमी एफ १.८. घरात दोन किलोचा ट्रायपॉड आहे. राजमाचीला तारे टिपायला म्हणून घेतला होता, त्यानंतर फक्त दिवाळीत कंदील टांगायला वापरला. बायकोचं म्हणणं, बॅगेत तो तरी जाईल नाहीतर तिची खरेदी तरी येईल.

तर प्रश्न असा : ट्रायपॉड न्यावा का? की फोनच्या नाइट मोडवर भागतं? आणि उभं कुठे राहायचं?

रातकिडा | ३ डिसेंबर, रात्री १०:०५

न्यायचा. विषय संपला.

बरं, विषय सुरू करतो. आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, एफ (लेन्सचं छिद्र, आकडा मोठा तितकं छिद्र लहान) ८, शटर ८ ते १५ सेकंद उघडं. इतका वेळ हात स्थिर ठेवणारा माणूस अजून जन्मायचा आहे. एफ ८ ते ११ ठेवलंत की रस्त्यावरच्या दिव्यांना छान टोकदार चांदण्या फुटतात, एफ १.८ वर नुसते गोळे दिसतात. दोन सेकंदांचा टायमर लावा, नाहीतर बटण दाबतानाच कॅमेरा हलतो. ट्रायपॉडवर असताना स्टॅबिलायझेशन (हाताचं हलणं सावरणारी सोय) बंद. फोकस एखाद्या उजळ खिडकीवर धरा आणि मग मॅन्युअल करून टाका, नाहीतर अंधारात लेन्स मागे-पुढे शोधत बसते. लेन्सवर यूव्ही फिल्टर असेल तर काढा. समोरच्या दिव्यांची उलटी हिरवी भुतं फोटोत नाचतात ती त्याच्याचमुळे.

वाऱ्याची सवय ठेवा. ट्रायपॉडच्या मधल्या दांड्याला खाली हूक असतो, त्याला पिशवी अडकवा.

तिरकस | ३ डिसेंबर, रात्री १०:११

ट्रायपॉड न्या, खरेदी टाळा. दोन्ही बाजूंनी फायदा.

सुगरण | ३ डिसेंबर, रात्री १०:३०

तिरकस, तुम्ही घरी हे वाक्य मोठ्याने म्हणून दाखवा आणि मग इथे वृत्तांत टाका.

पाटपाणी, मी दुसऱ्या बाजूने सांगते. आमच्याकडे हाच प्रकार सिंगापूरला झाला. "पाच मिनिटं" म्हणून नवऱ्याने मरिना बेच्या काठावर तीन पाय उभे केले. मी आणि दोन मुलं पन्नास मिनिटं शेजारी उभे. धाकट्याला शू, मोठीला भूक, मला घाम. प्रत्येक फोटोला पंधरा सेकंद, मग तो स्क्रीनवर मोठा करून बघणार, मग मान हलवणार, मग पुन्हा पंधरा सेकंद. त्या पन्नास मिनिटांतले दोन फोटो आज हॉलमध्ये आहेत आणि खरंच सुंदर आहेत, हे कबूल. पण ते बघितले की मला अजून शू आठवते.

सासूबाई सोबत आहेत ना? आधी त्यांच्यासाठी बसायची जागा शोधा, मग कॅमेऱ्यासाठी.

नवी_विटी | ३ डिसेंबर, रात्री ११:०२

ट्रायपॉड कशाला? हल्लीचे फोन हातात धरून तीन सेकंदांत असे फोटो काढतात की बास. दोन किलो वाहायचे आणि घरी येऊन पुन्हा संगणकावर बसायचं, हे सगळं जुनं झालं.

रातकिडा | ३ डिसेंबर, रात्री ११:२०

@नवी_विटी, अर्धं बरोबर. फोन त्या तीन सेकंदांत बरेच छोटे फोटो काढून एकावर एक रचतो आणि हाताचं हलणं जुळवून घेतो. इमारती हलत नाहीत, त्यामुळे त्या छान येतात. पाणी मात्र हलतं. ते जुळवताना फोन गोंधळतो आणि लाटांचा शेणसडा होतो. शिवाय रात्र काळी आहे हेच त्याला मान्य नसतं, सगळं उजळून संध्याकाळी पाचचं करून ठेवतो. फोनच्या पडद्यावर मस्त दिसेल. भिंतीवर दोन फुटांचा लावायचा म्हणताहेत ते.

आणि फोनच वापरायचा असेल तरी तो टेकवा. काही फोन आपण स्थिर आहोत हे ओळखून आपणहून ३० सेकंदांपर्यंत जातात. मग ते पाणी वेगळंच येतं.

माई | ४ डिसेंबर, सकाळी ६:१५

वाचतेय. तो दिवाळीचा कंदील कसा टांगला होता त्याचा फोटो टाका आधी.

घाटमाथा | ४ डिसेंबर, सकाळी ८:५०

मी नऊ वर्षं हाँगकाँगमध्ये आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही कुठेतरी वाचलं असेल की रात्री आठला 'सिम्फनी ऑफ लाइट्स' हा दिव्यांचा खेळ असतो. २००४ पासून चालू आहे, दहाएक मिनिटांचा. सगळे पर्यटक ती वेळ धरून काउलून बाजूच्या त्सिम शा त्सुईच्या काठावर येतात. लेकीला दाखवा, पण फोटोसाठी ती वेळ धरू नका. डिसेंबरात इथे सूर्य पावणेसहाच्या आत-बाहेर मावळतो. आठला आकाश काळंकुट्ट असतं, इमारतींच्या कडा त्यात बुडून जातात आणि उरतात नुसते ठिपके. तुमची वेळ सहा ते साधारण सव्वासहा. दिवे लागलेले असतात आणि मागे आकाशात निळा रंग शिल्लक असतो. तेवढ्या वेळातच इमारत ही इमारत दिसते. आपण इथे २२ अंशांवर, कर्कवृत्ताच्या किंचित खाली. सूर्य रेंगाळत नाही, जवळजवळ सरळ बुडी मारतो. वीस मिनिटांत खेळ खलास. म्हणून साडेपाचला जागा धरा.

जेवून निवांत जाऊ असंही करू नका. अकरानंतर बऱ्याच इमारती सजावटीचे दिवे मालवतात.

जागा : घड्याळाच्या मनोऱ्यापासून सुरुवात करा. १९१५ चा मनोरा, ४४ मीटर. जुन्या रेल्वे स्टेशनाचं तेवढंच उरलंय. तिथून ॲव्हेन्यू ऑफ स्टार्सपर्यंत चालत जाता येतं, समोर हाँगकाँग बेट. त्रिकोणांच्या रेघा असलेली बँक ऑफ चायनाची इमारत लगेच ओळखू येईल, ती आय. एम. पेई यांची, १९९० ची. सगळ्यात उंच इमारत आयसीसी, ४८४ मीटर, ती मात्र तुमच्याच काठावर मागे उजवीकडे असते. तिचा फोटो हवा तर पलीकडे बेटावरच्या सेंट्रलला जावं लागतं, हे लोकांना तिथे गेल्यावर कळतं.

गर्दी नको असेल तर वेस्ट काउलून. हिरवळ आहे, आईंना बसता येईल, २०२१ ला उघडलेलं एम प्लस संग्रहालय शेजारीच आहे. आणि उंचावरून हवं असेल तर बेटावरच्या पीक नावाच्या डोंगरावर ल्यूगार्ड रोड. सपाट वाट आहे, फुकट आहे, वीसेक मिनिटं चालायचं. वर जाणाऱ्या पीक ट्रामला रांग असली तर सेंट्रलहून १५ नंबरची बस.

जाता जाता, मोठ्या बुद्धाला २६८ पायऱ्या आहेत. आईंच्या गुडघ्यांना आधीच सांगून ठेवा.

पाटपाणी | ४ डिसेंबर, दुपारी १:१०

घाटमाथा, दंडवत! मी आठचाच मुहूर्त धरून बसलो होतो. आईला पायऱ्यांचा आकडा सांगितला. म्हणाली, "जेजुरी चढले ती काय लिफ्टने?"

मंद_आच | ४ डिसेंबर, दुपारी २:००

ती निळाई वीस मिनिटांत संपते हे आपल्याकडचं दुखणं आहे. मी बुडापेस्टला जूनमध्ये डॅन्यूबच्या काठी होते. पलीकडे संसदेची इमारत उजळलेली, आणि आकाश निळंच्या निळं. अर्धा तास झाला तरी निळं. तिथे सूर्य तिरका तिरका उतरतो. मी फोटो काढून, सँडविच खाऊन, पुन्हा फोटो काढले.

शेवटचा_डबा | ४ डिसेंबर, सायं. ५:२५

अवांतर : हाँगकाँगला जाण्याआधी मरीन ड्राइव्हवर सराव का नाही करत? १९ अंश म्हणजे सूर्याची बुडी जवळपास सारखीच. मलबार हिलवर कमला नेहरू पार्कातून सगळा बाक दिसतो.

आणि आठवण निघालीच म्हणून. २०१५ ला तिथले पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले होते, आठवतंय? एका रात्रीत राणीच्या हाराची ट्यूबलाइट झाली. लोकांनी इतकी बोंब मारली की पुन्हा पिवळसर करावे लागले. त्या मधल्या काळातले माझे सगळे फोटो इस्पितळाच्या कॉरिडॉरसारखे दिसतात.

रातकिडा | ४ डिसेंबर, सायं. ५:४०

व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याची रंगछटा) ३२०० वर नेऊन बघायचास की.

शेवटचा_डबा | ४ डिसेंबर, सायं. ५:५२

नेला होता. निळं इस्पितळ झालं.

आणि मुंबईत ट्रायपॉड उघडला की पाच मिनिटांत वर्दीतला कोणीतरी येतो. "परमिशन हाय का?" फोनने कितीही काढा, हरकत नाही. तीन पाय दिसले की तुम्ही व्यावसायिक. एका प्रसिद्ध ठिकाणी मला एकाने विचारलं, "कुठल्या चॅनलचे?" मी "स्वतःसाठी काढतोय" म्हटलं तर त्याला ते सगळ्यात संशयास्पद वाटलं.

घाटमाथा | ४ डिसेंबर, सायं. ६:१५

इथे काठावर कोणी विचारत नाही. उलट कठड्याला टेकून डझनभर ट्रायपॉड असतात. वाट अडवू नका एवढंच.

मचवा | ४ डिसेंबर, रात्री ८:३०

मी मर्चंट नेव्हीत इंजिनिअर होतो, आता रत्नागिरीत निवृत्त. व्हिक्टोरिया हार्बरात बऱ्याचदा आलो-गेलोय, त्यामुळे बोटीवरून दोन शब्द.

पाण्यात इमारतींचं आरशासारखं प्रतिबिंब मिळेल अशी आशा ठेवू नका. ते बंदर एक मिनिट शांत नसतं. फेरीबोटी, बार्ज, टग, पोलिसांच्या लाँची. एकाच्या लाटा विरतात तोवर दुसऱ्याच्या येतात. हलत्या पाण्यात दिव्याचं प्रतिबिंब गोल राहत नाही, उभं लांबत तुमच्याकडे येतं, कारण प्रत्येक लाटेचा उतार त्यातला तुकडा तुमच्याकडे फेकतो. दहा-पंधरा सेकंद उघडं ठेवलंत की ते तुकडे जोडले जाऊन रंगाचे पट्टे होतात. तेच तिथलं सौंदर्य.

दुसरी गोष्ट, बोटींच्या दिव्यांच्या रेघा. फोटोत जहाज विरून जातं आणि दिव्याची रेघ राहते. ती रेघ वाचता येते. जहाजाच्या डाव्या अंगाला लाल दिवा, उजव्या अंगाला हिरवा, जगभर हाच नियम. तुमच्या समोरून डावीकडून उजवीकडे जाणारी बोट तुम्हाला तिचं उजवं अंग दाखवते, म्हणजे रेघ हिरवी. उजवीकडून डावीकडे जाणारी, लाल. फोटोवरून सांगता येतं कोण कुठे चाललं होतं.

आणि बंदर ओलांडणाऱ्या स्टार फेरी बोटीत बसा. पण तिच्यावर ट्रायपॉड उभारू नका. इंजिनाची थरथर डेकमधून थेट पायांत येते, आणि बोट स्वतः हलते ती वेगळीच. तिथे हातात कॅमेरा आणि शटर जलद.

रातकिडा | ४ डिसेंबर, रात्री ८:५५

मचवाकाका, क्या बात! रेघ वाचता येते हे वीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

फेरीचा हिशोब मी देतो. काठावर आयएसओ १००, एफ ८, १० सेकंद लागत असतील तर ३५ च्या लेन्सवर एफ २ करा. चार घरं उजेड वाढला, एकेक घर म्हणजे दुप्पट. आयएसओ ३२०० करा. अजून पाच घरं. नऊ वेळा निम्मं करत जा, १० सेकंदांचे साधारण एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर येतात. पन्नासावा भाग हातात जमतो. दाणे येतील फोटोत, येऊ देत.

नवी_विटी | ४ डिसेंबर, रात्री ९:०५

म्हणजे ट्रायपॉड लागत नाही. हेच तर म्हणत होतो.

रातकिडा | ४ डिसेंबर, रात्री ९:०७

दोन फुटांच्या भिंतीवर लागतो!!

तिरकस | ४ डिसेंबर, रात्री ९:१०

भिंतीलाच तीन पाय लावा आता.

केशरी_पेढा | ४ डिसेंबर, रात्री १०:२०

स्टार फेरीचा विषय निघाला म्हणून. ही सेवा सुरू करणारा माणूस आपल्या मुंबईचा पारशी, दोराबजी नवरोजी मिठाईवाला. १८५२ ला मुंबईहून हाँगकाँगला पोहोचला. जहाजात लपून गेला असं सांगतात. तिथे स्वयंपाकी झाला, मग हळूहळू व्यवसाय वाढवले आणि १८८८ ला काउलून फेरी कंपनी काढली. दहा वर्षांनी ती स्टार फेरी झाली. आजही बोटींच्या नावांत शेवटी 'स्टार' असतंच. आडनाव मिठाईवाला आणि चालवल्या बोटी.

माई | ५ डिसेंबर, सकाळी ६:१०

आणि आपल्याकडे आडनाव नावाडकर आणि चालवतात स्वीट मार्ट.

घाटमाथा | ५ डिसेंबर, सकाळी ९:००

पीक ट्रामही त्याच वर्षीची, १८८८. तुम्ही दोन्ही कराल बहुतेक.

जुनी फेरी आता जिथून सुटते तो सेंट्रलचा धक्का मात्र जुना नाही. आधीचा २००६ ला पाडला, त्याच्या घड्याळाच्या मनोऱ्यासकट. तेव्हा लोकांनी बरंच आंदोलन केलं होतं. आता ७ नंबरच्या धक्क्यावरून सुटते.

ओलेती | ५ डिसेंबर, दुपारी १२:४०

एक शंका. माझ्या कॅमेऱ्याला परदेशात दरवेळी धुकं चढतं. हॉटेलातून बाहेर पडले की लेन्स पांढरी. कॅमेरा खराब आहे का?

रातकिडा | ५ डिसेंबर, दुपारी १:०५

कॅमेरा थंड, हवा दमट. कोल्ड्रिंकच्या बाटलीला घाम येतो तसंच. एसीतून निघण्याआधी अर्धा तास कॅमेरा पिशवीत चेन लावून ठेवायचा आणि बाहेर आल्यावरही पिशवीतच हळूहळू कोमट होऊ द्यायचा. पुसत बसायचं नाही, पुन्हा चढतं. पाटपाणींना डिसेंबरात हा त्रास नसावा, जुलैत गेले असते तर होता.

सुगरण | ५ डिसेंबर, दुपारी १:३०

पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत टाकू नका. आमच्या नवऱ्याची बॅग बाजूला काढून उघडायला लावली होती, आतल्या सगळ्या चिवड्याच्या पुड्यांसकट. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच. ट्रायपॉड उलट, मोठ्या बॅगेत.

कावळा_उवाच | ५ डिसेंबर, सायं. ७:००

एक विचारू का? रागावू नका. त्या काठाचे लाखो फोटो आधीच आहेत, तुमच्यापेक्षा भारी कॅमेऱ्याने काढलेले. मग तीन रात्रींतली एक रात्र त्यात का घालवायची? बघा की नुसतं.

पाटपाणी | ५ डिसेंबर, रात्री ८:१५

रागावलो नाही. खरं सांगायचं तर पंधरा सेकंद शटर उघडं असतं तेव्हा मला करण्यासारखं काहीच नसतं. फोन हातात नसतो, बटणं दाबायची नसतात. तेव्हाच मी बघतो. एरवी मी कुठेही गेलो तरी पुढच्या गोष्टीची घाई असते. बायकोला विचारा.

कावळा_उवाच | ५ डिसेंबर, रात्री ८:२२

हे पटलं. गप्प बसतो.

तिरकस | ५ डिसेंबर, रात्री ८:२५

कावळा गप्प. धाग्याची वाचनखूण साठवली.

पाटपाणी | ८ डिसेंबर, रात्री ९:३०

अपडेट. आज तलावपाळीला सराव केला. मासुंदा तलावाचं पाणी अगदी स्तब्ध, त्यामुळे मचवाकाका म्हणतात ते आरशासारखं प्रतिबिंब इथे ठाण्यातच मिळालं! एक गृहस्थ आले, बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "साहेब, मोजणी कसली चाललीय? तलाव बुजवणार का?" नाही म्हटलं तरी जाताना अजून दोघांना सांगून गेले.

ट्रायपॉड चाललाय बरोबर. वाटाघाटी अशा झाल्या की परतीला तो माझ्या खांद्यावर येईल आणि बॅगेतली त्याची जागा बायकोची.

माई | ९ डिसेंबर, सकाळी ६:२०

शुभेच्छा. तलावाचं काय ठरलं ते आम्हालाही कळवा.

पाटपाणी | २८ डिसेंबर, सकाळी ११:००

मंडळी, परतलो. वृत्तांत.

पहिली रात्र. साडेपाचला घड्याळाच्या मनोऱ्याजवळ हजर. आईला बाक मिळाला (सुगरणताई, टिपून घ्या). वारा चांगलाच होता, म्हणून रातकिडांच्या सल्ल्याने ट्रायपॉडच्या हुकाला पिशवी अडकवली. पिशवीत होता आईचा लाडवांचा स्टीलचा डबा. बरोबर सहा वाजता निळं आकाश, दिवे, सगळं जसं सांगितलं होतं तसं. वीस मिनिटांत अठरा फोटो काढले. हॉटेलवर येऊन मोठे करून बघतो तर अठराच्या अठरा हललेले. एकही धड नाही. टायमर लावला होता, स्टॅबिलायझेशन बंद होतं. लेक म्हणाली, "बाबा, ती लाडवांची पिशवी झोके घेत होती ना सारखी." तिने तिथेच पाहिलं होतं. मी तिला "मध्ये बोलू नको" म्हणालो होतो.

रातकिडा | २८ डिसेंबर, सकाळी ११:१५

अरे देवा. पिशवी जमिनीला टेकली पाहिजे हे लिहायचं राहून गेलं. चूक माझी. लेकीला माझ्यातर्फे चॉकलेट द्या.

पाटपाणी | २८ डिसेंबर, सकाळी ११:४५

दिलं.

दुसरा दिवस बुद्धाचा. आई २६८ पायऱ्या चढली, मी मध्ये दोनदा बसलो. संध्याकाळी बंदराकडे पोहोचेस्तोवर साडेसात. आकाश काळं. घाटमाथांचं म्हणणं डोळ्यांनी पाहिलं, नुसते ठिपके. म्हणून फोटोचा नाद सोडून फेरीत बसलो. तिच्या लाकडी बाकांची पाठ पुढे-मागे ढकलता येते, म्हणजे बोट न वळता परत निघाली तरी तोंड प्रवासाच्या दिशेला. आईला ते इतकं आवडलं की आम्ही चार वेळा ये-जा केली. दर वेळी धक्का आला की ती स्वतः उठून पाठ उलटवायची, शेजारच्या चिनी आजींचीसुद्धा. मिठाईवाल्यांची गोष्ट सांगितली तर म्हणाली, "मग लाडू न्यायला हवे होते आज." ३५ मिमी, एफ २, आयएसओ ३२००, पन्नासावा भाग. चाळीसेक काढले, पाच-सहा बरे आहेत.

तिसरी रात्र. बायको आणि आई बाजारात गेल्या. लेक आणि मी वेस्ट काउलूनला. हवा जरा धुरकट, पण वारा पडलेला. पिशवी नाही, काही नाही. ट्रायपॉडचा मधला दांडा खालीच ठेवला. सहा वाजून आठ मिनिटांनी, १३ सेकंद, एफ ८. तो एक फोटो खाली टाकतोय. बोला.

शेवटचा_डबा | २८ डिसेंबर, दुपारी १२:०५

निळा काय आलाय! आणि खालचे ते लाल-सोनेरी पट्टे. जमलं राव.

तिरकस | २८ डिसेंबर, दुपारी १२:०९

क्षितिज तिरकं आहे.

पाटपाणी | २८ डिसेंबर, दुपारी १२:११

अर्ध्या अंशाने. तुमच्या नावाला शोभेल म्हणून ठेवलं.

मंद_आच | २८ डिसेंबर, दुपारी १२:३०

उजवीकडच्या मोठ्या जाहिरातीचा पडदा नुसता पांढरा झालाय बघ. तेवढ्यासाठी कमी उजेडाचा एक वेगळा काढून जोडायचा. बाकी सुरेख.

सुगरण | २८ डिसेंबर, दुपारी १:००

मला फेरीतले फोटो बघायचे आहेत. चिनी आजी दिसतात का त्यात?

पाटपाणी | २८ डिसेंबर, दुपारी १:२०

दिसतात, पण त्यांना विचारलं नव्हतं, म्हणून इथे टाकत नाही.

मंद_आच, बरोबर आहे. त्या पडद्याकडे माझं लक्षच गेलं नाही.

आणि मूळ प्रश्नाचं माझं उत्तर : ट्रायपॉड नेल्याचा पश्चात्ताप नाही, दोन किलोचा नेल्याचा आहे. तीन संध्याकाळींतली एकच निळी वेळ हाती लागली, तीही लाडवांनी घालवल्यावर उरलेली. पुढच्या वेळी किलोभराचा बुटका घेईन आणि कठड्यावर टेकवीन.

नवी_विटी | २८ डिसेंबर, दुपारी १:४०

लेकीने फोनवर काढले असतील ना? ते कसे आलेत?

पाटपाणी | २८ डिसेंबर, दुपारी १:४८

तिने माझा काढलाय, पाठमोरा, ट्रायपॉडवर वाकलेला. धारदार आलाय. जास्त बोलत नाही.

मचवा | २८ डिसेंबर, सायं. ४:३०

फोटो आत्ता पाहिला, मोठा करून. मधोमध पाण्यावर ती बारीक लाल रेघ आहे ना? म्हणजे बोट तुमच्या उजवीकडून डावीकडे चालली होती. रेघ सरळ नाही, नागमोडी आहे. मी मोजले, पाच हेलकावे. १३ सेकंदांत पाच, म्हणजे अडीच सेकंदाला एक. इतक्या भरभर डोलणारी बोट लहान असते. फेरी नाही ती. एखादी लाँच, किंवा मासेमारीवाला घरी चालला असेल.

पाटपाणी | २८ डिसेंबर, सायं. ५:१०

मचवाकाका, लेकीला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. तिने पुन्हा मोजले. ती म्हणते सहा आहेत.

मचवा | २८ डिसेंबर, सायं. ५:२५

चष्मा लावून बघितलं. सहाच आहेत.